एकसष्टाव्या पानावर

नोटा मोजणारी माझी बोटं.
शंभराची गड्डी बावीस सेकंदांत,
आणि संध्याकाळी तीच बोटं पुस्तकात:
महिन्याला सहा, वहीत क्रमांक घालून,
नाव, पानं, संपल्याची तारीख.
कुणी विचारलं, काय होतं गं त्यात,
तर सांगायचे, छान होतं.
नोटेवर काय छापलंय
ते मोजणाऱ्याला कुठं दिसतं?

मंगळवार पेठेतल्या वाचनालयातून आणलेली
एक जाडशी कादंबरी, पुठ्ठा सुटलेला,
शिवणीपाशी कुणाच्या तरी चहाचा डाग.
एकसष्टाव्या पानावर, समासात, शिसपेन्सिलीनं:
थांब.
एवढंच. शेजारी काळ्या ऑइलचा अंगठा,
रेघा मोजाव्यात इतका स्वच्छ.

मी थांबले नाही.
झोपण्याआधी सत्तरपर्यंत जायचं होतं.
पण तो शब्द डोळ्यात कुसळासारखा राहिला.
पुढे आणखी होते:
'हे मोठ्यानं म्हण.'
'न्हाई पटलं.'
'म्हातारी खोटं बोलतीया. पान चौदा बघ.'

उलटून चौदा पाहिलं.
तिथं म्हातारी म्हणते, मला पोहता येत नाही.
आणि इथं, दोनशे तीनवर,
नदीपलीकडून येते ओल्या लुगड्यानं.
मी दोन्ही पानं वाचली होती.
मला दोन्ही छान वाटली होती.

कणसे बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
'दर मार्चला रबर घेऊन बसते मी.
सगळ्यांची खोडते. त्याची तेवढी राहते.
दस्तगीर मुजावर. उद्यमनगरात लेथवर असतो.
वर्षाला दोन पुस्तकं नेतो.
हे तर तिसऱ्यांदा नेलेलं.'

चौथ्या शनिवारी बँक बंद.
पत्र्याच्या शेडमध्ये तो वाकलेला,
जॉबवरून लोखंडाची कुरळी साल निघत होती,
निळी होत होत खाली पडत होती.
मी विचारलं, एवढं कसं दिसतं तुम्हाला?
त्यानं मान वर केली नाही.
'ताई, एका कटात सगळं काढाय गेलं
की टूल मोडतंय, आन् जॉब बी भंगारात.'
मला वाटलं, हे मशीनबद्दल आहे.

मशीन थांबल्यावर चिंधीनं हात पुसत:
'पहिल्यांदा वाचलं तवा म्हातारीचा राग आला.
दुसऱ्यांदा, आई गेल्यावर, माझाच आला.
तिसऱ्या टायमाला पेन्सिल घेऊन बसलो,
काय बी लिवलं न्हाई.
शेवटचं पान झालं, आन् भाईर वडापवाला
गांधीनगर, गांधीनगर वरडत हुता,
तर मला ते बी त्या गोष्टीतलंच वाटलं.'
मग चहा सांगितला. कटिंग.
पुस्तकाबद्दल पुन्हा काही बोलला नाही,
पाण्याच्या टाकीबद्दल बोलला, आणि पोराच्या दहावीबद्दल.

घरी येऊन वहीतला शेवटचा क्रमांक खोडला.
पान एक.
मोठ्यानं म्हणायची ओळ मोठ्यानं म्हटली,
कुकरची शिट्टी मध्ये आली, पुन्हा म्हटली.
दुसऱ्या वेळी कळलं, तो प्रश्न आहे,
लिहिणाऱ्यानं प्रश्नचिन्ह मुद्दाम दिलेलं नाही.
नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारून गेला,
कुणाशी बोलतेस?

एकसष्टाव्या पानावर थांबले.
तिथं काहीच घडत नाही.
एक माणूस कंदिलाची काच पुसत बसलाय.
काच स्वच्छ झाल्यावरही
पुसत बसलाय.
आत कुणीतरी त्याची वाट बघतंय, हे
मला तेव्हा दिसलं, काचेत.

आठवडाभरात बावीस पानं झाली.
बँकेत गड्डी बावीस सेकंदांत, ती तशीच.

काल त्याच्या 'न्हाई पटलं'खाली
मुलाची पेन्सिल तासून घेऊन
मी लिहिलं: मला पटतंय.
कारण लिहायला गेले तर समास पुरेना.
कणसे बाईंकडून तारीख वाढवून घेतलीय.

येत्या मार्चला
कुणाचं खोडतात, बघू.