वरची मूठ

खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. म्हणजे एक टेबल, एक स्टूल
आणि पाव किलोपासून वीस किलोपर्यंतची वजनं.
रोज सकाळी फडक्यानं पुसतो ती;
हाताच्या घामाचं मीठसुद्धा ग्रॅममध्ये येतं.
काटे दुरुस्त करतो मी. पप्पाही तेच करायचे.
तेव्हा दांडीचे तराजू होते,
आता लोडसेल, बॅटरी, लाल आकडे.

रसिकशेठ दर दिवाळीआधी येतो.
"रूबेनभाई, थोडुंक. किलोमागे चाळीसच ग्रॅम.
तुमच्या येशूला काय कळणार, तो काय भाजी घेतो?"
मी चहा मागवतो. चहा पाजून परत पाठवतो.
एकदा मात्र पाठवलं नव्हतं.
मोठीची फी भरायची होती.
तो काटा अजून सुरसागरजवळ चालतो आहे.
तिकडून जाताना मी स्कूटर हळू करत नाही.

फतेगंजच्या देवळात रविवारी
सगळे डोळे मिटून आपापली पापं आठवतात.
मला एकच आठवतं, चाळीस ग्रॅमचं.
पाळकसाहेब म्हणतात, क्षमा झाली.
झाली असेल.
काट्याला कुणी सांगितलं?

तसा मी हिशेबाचा माणूस.
थिओफिल, माझा धाकटा, नगरला असतो.
पप्पांच्या मातीचा खर्च निम्मा-निम्मा ठरला होता.
अठरा हजार दोनशे. निळी वही, पान सात.
पेटीचे, खड्ड्याचे, फुलांचे,
आलेल्यांच्या चहाचेसुद्धा.
चार वर्षं झाली. रिबका म्हणते, फोन तरी करा.
मी म्हणतो, त्यानं करावा.
जेवणाआधी प्रार्थना मीच करतो,
आणि "आम्ही" म्हणताना
त्यात त्याला मोजत नाही.

परवा जशीबेन आली, डभोईकडची भाजीवाली,
काटा पदराखाली धरून, तान्हं मूल धरावं तसा.
बटण अडकतं, म्हणाली.
बटण साफ केलं. मग सवयीनं वजन ठेवलं.
किलोला नऊशे पंचेचाळीस.
पुन्हा ठेवलं. नऊशे पंचेचाळीसच.
म्हणजे ही बाई दर किलोला
पन्नास-साठ ग्रॅम जास्तच देत होती,
किती दिवस, कोण जाणे.

सांगितलं तिला. ती हसली, तपकिरीनं काळे झालेले दात दाखवून.
"एटले ज! म्हणून सांजेला टोपली खाली
अने गल्ला पण खाली!"
मी काटा नीट लावला. किलोला किलो, शून्याला शून्य.
बरं वाटलं. न्याय झाला म्हटलं, तोही फुकट.
फुकट तिला चालेना.
तिथंच टोपलीतली वांगी काढून
नव्यानं खऱ्या झालेल्या काट्यावर ठेवली,
अर्धा किलो, बरोबर.
लाल आकडा थांबला, स्थिर झाला,
आणि मग मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या
वरून टाकल्या, आकड्याकडे न बघता.
"अहो, हे वजनात धरा ना."
"ए तो वजनमां नो आवे, भाई."

ती गेल्यावर बराच वेळ
मी दुसऱ्या कुठल्या काट्याला हात लावला नाही.

घरी रिबकानं पिशवी ओट्यावर उलटी केली.
"कोथिंबीर केवढ्याला?"
मला सांगता येईना.

उद्या सुरसागरजवळ थांबणार आहे, पाना घेऊन.
रसिकशेठ ओरडेल. गिऱ्हाईक जाईल. बघू.
निळी वही कपाटातच आहे,
पान सात फाडलेलं नाही, खोटं कशाला बोलू.
फोनही दोनदा हातात घेऊन ठेवला.
पण जेवताना "आम्ही" म्हणालो
आणि तिथंच थांबलो,
एक माणूस आत येऊन बसेपर्यंत.
तो सावकाश येतो, पहिल्यापासून तसाच.
रिबकानं एक डोळा उघडून पाहिलं.
भात निवत होता.