डावीकडची बशी

फाइल एवढी जाड, की जुईली म्हात्रेने ती
दोन्ही हातांत घेतली, तान्हं घ्यावं तशी.
सांग, मी म्हटलं.
ती न अडखळता सांगत गेली:
ज्ञानू शेलार, चौसष्ट वर्षं, माथाडी कामगार,
राहणार कोपरखैरणे, गाव जावळीत.
मेंदूच्या उजव्या अंगाला झटका, आज अठरावा दिवस,
डावा हात लुळा, डावा पाय लुळा.
साखर बावीस वर्षांची.
हृदय पस्तीस टक्क्यांवर.
चांगल्या पायाच्या टाचेला जखम, भरत नाही.
गुडघ्यांचं विचारूच नका, मॅडम,
तीस वर्षं कांद्याबटाट्याच्या मार्केटात
पाठीवर पन्नास-पन्नास किलो.

पाय म्हणतो उभं करा.
टाच म्हणते खबरदार.
हृदय म्हणतं जरा दमानं,
आणि कॅलेंडर म्हणतं, जे करायचं ते आत्ताच,
नंतर मेंदू इतका ऐकणार नाही.

कुठून सुरू कराल?
हा माझा आवडता प्रश्न.
तुर्भ्याकडच्या या खिडकीपाशी उभी राहून
एकोणीस वर्षं मी तो विचारते आहे,
आणि पोरं गप्प झाली की,
खोटं कशाला बोलू,
मला आतून बरं वाटतं.

उत्तर शेलारांनीच दिलं, अर्ध्या ओठांनी:
"थप्पी वरनं काढत्यात, बाई.
मधलं पोतं वढलं की समदी अंगावर येती."
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.
मीही मनात टिपलं, पुढच्या तासाला वापरायला.

मग बसवलं त्यांना, कडेवर, पाय जमिनीला.
नाडी एकशे अठरा.
कपाळावर घाम, मानेवर घाम,
नजर खिडकीबाहेरच्या ट्रकांवर अडकलेली.
हृदय, जुईली म्हणाली. थांबू या.
मी मान हलवली. उत्तर परीक्षेत चाललं असतं.

मागून तन्वीर मुकादम पुढे आला,
गेल्या वर्षी न्यूरोत नापास,
हजेरीला आपलं नाव येईपर्यंत भिंतीला टेकून असणारा.
"मॅडम, यांनी खाल्लेलं नाही."

डावीकडच्या टेबलावर पोह्यांची बशी,
वर दुसरी बशी पालथी.
लिंबाची फोड कडेने सुकलेली.
साडेसातचं इन्सुलिन चार्टवर, सही-शिक्क्यासकट.

आम्ही सातही जण उजवीकडे उभे होतो,
त्यांना दिसावं म्हणून.
सुरुवातीला उजवीकडून बोला, हे मीच शिकवते.
यांचं जग नाकाच्या रेषेपाशी संपतं
हे आम्हाला तोंडपाठ होतं.
ते संपतं तिथे कुणीतरी नाश्ता ठेवून जातं
हे कुणाला माहीत नव्हतं.
मलाही नाही.

साखर चोपन्न.
तन्वीरने साखरेचं पाणी चमच्याने दिलं,
उजव्या गालाकडून, हनुवटीखाली तळहात धरून,
प्रत्येक घोट गळ्यातून उतरेस्तोवर थांबत.
हे त्याला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
त्या वेळी मी सिस्टरांवर ओरडायला शब्द शोधत होते
आणि सापडत होते ते सगळे माझ्याच नावाचे.

पंधरा मिनिटांनी ब्याण्णव.
घाम वाळला. शेलारांनी विचारलं,
आज मार्केट बंद हाय का?

टाच तिथेच होती. गुडघे, हृदय, फाइल,
सगळं जिथल्या तिथे.
व्यायाम काही झाला नाही त्या दिवशी.

पोहे गरम करून आणले, समोर ठेवले.
ते सावकाश जेवले, मन लावून,
आणि बशीच्या बरोबर मधोमध थांबले,
पट्टीने रेघ मारावी तसे.
डाव्या बाजूचे पोहे, शेंगदाणे, खोबरं
जसंच्या तसं.
"संपलं," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

जुईलीने माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
तिने फाइल पायथ्याशी ठेवली
आणि एका बोटाने
बशी अर्धी फिरवली.

"आयला," शेलार म्हणाले,
"अजून हायती की."