दहावी चिठ्ठी

फोनवरच्या बाई गोड होत्या.
म्हणाल्या, सावकाश सांगा, मिसेस प्रोथेरो, घाई नाही.
सावकाशच सांगितलं. तेवढं एक मला अजून जमतं.

साधं जेवण करता येतं का, एका माणसापुरतं?
एकवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
दोनशे ऐंशी पोरांचे बटाटे सोलले मी,
तोच तोरा जिभेवर आला.
"येत होतं" म्हणाले असेन.
टाइप करताना त्यांच्याकडून "होतं" गळलं,
किंवा माझ्याकडूनच, कोण जाणे.

रात्री जिना मी बसून चढते,
पाठमोरी, एकेक पायरी, रांगत्या पोरासारखी.
हे त्यांनी विचारलं नाही.

आणि मग पलीकडे जेट भुंकला.

भिंतीला कान असतात म्हणतात.
मर्थरच्या या चढावर, एकमेकांना चिकटून
उभ्या असलेल्या घरांत भिंतीला तोंड आहे.

सहा आठवड्यांनी तपकिरी पाकीट.
"संभाषणात कुत्र्याचा आवाज ऐकू आला.
अर्जदार कुत्रा पाळतात, त्याअर्थी त्याला फिरवतात.
दोनशे मीटरहून अधिक चालू शकतात."
बारा प्रश्न, बारा शून्यं,
अंडी मांडावीत तशी एकाखाली एक.

फेरविचार करा, असं लिहिलं.
त्यांनी केला.
उत्तरात स्वल्पविरामसुद्धा जुन्याच जागी होते.

सल्लाकेंद्रातली बेथन, नखं कुरतडलेली, तेवीसची असेल,
म्हणाली, आता न्यायाधिकरण.
पण कुत्रा तुमचा नाही, हे कोण सांगेल?

कोण सांगणार? इडवाल.
सात वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते.
जेट पहाटे साडेपाचला सुरू होतो,
आणि मी इडवालच्या दारातल्या फटीतून चिठ्ठ्या टाकते.
टाकायचे.

त्याच्या दाराला चार पायऱ्या.
किती वेळ लागला ते सांगत नाही.
जेटने माझी काठी हुंगली, भुंकला नाही, लबाड.
इडवाल दारातच उभा: "आता काय, दहावी?"
म्हटलं, "तुझा कुत्रा माझा नाही,
एवढं लिहून दे."

तो हसला नाही. आत गेला.
वाटलं, दार लावून घेतोय.
बिस्किटांचा डबा घेऊन परत आला. त्यात माझ्या नऊ चिठ्ठ्या,
तारखेनिशी, क्रमाने, घडीसुद्धा न मोडलेल्या.
"एक दिवस कोर्टात दाखवीन म्हणून ठेवल्या होत्या."
प्रेमपत्रंसुद्धा इतकी जपत नाही कोणी.

सुनावणीला तिघं होते. न्यायाधीश, एक डॉक्टर,
आणि एक बाई, ज्यांच्या स्वतःच्या हातात काठी होती.
कुत्र्याचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला.
इडवाल उठून म्हणाला, "माझा आहे. दुर्दैवाने."

पण डॉक्टर त्या चिठ्ठ्या
पत्त्यांसारख्या टेबलावर मांडत बसले.
पहिली: गोल, टपोरं अक्षर, रागाने नीट उभं.
चौथीत ओळ उताराला लागली.
सातवीत शब्द तुटलेत.
नववी मलाच वाचता येईना.
खोलीत कोणी काही बोललं नाही.
माझा हात मी पदरी नसलेल्या कोटाच्या बाहीत लपवला,
मग बाहेर काढला, आणि टेबलावर ठेवला.

"ही नववी लिहायला किती वेळ लागला?"
"एक सकाळ," मी म्हटलं.
या वेळी तोरा आला नाही.

मंजूर झालं. मागचे पैसेही आले.
तीन वर्षांसाठी.
मग पुन्हा विचारणार: हात कसे आहेत,
जेवण करता येतं का, एका माणसापुरतं.

इडवाल आता दर गुरुवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतो.
बोलतो असं नाही. ठेवतो.

आज पहाटे साडेपाचला जेट सुरू झाला.
पेन्सिलीला स्पंज गुंडाळून बसलेय.
दहावी चिठ्ठी. वर आधी तारीख घातली,
ठळक, पुन्हा गिरवून.
लागेल.