बॉयलरवाला

बाहेर उणे एक्कावन्न.
एवढ्या थंडीत पारा गोठतो,
म्हणून दाराबाहेर लाल स्पिरिटचा तापमापक.
पाऱ्याचा आत आहे, उइबानच्या काखेत:
एकोणचाळीस पूर्णांक चार.

एकवीस हिवाळे त्याने गावचा बॉयलर सांभाळला.
काटा सत्तरीखाली घसरला की फावडं,
ऐंशीला टेकला की हात आखडता.
याकूतियातल्या या टोकाला
सगळं गाव त्याच्या जागरणावर झोपतं.

आता तीन पांघरुणांखाली त्याचे दात वाजताहेत.
"अंग भट्टी झालंय म्हणतेस, सार्गिलाना,
मग ही हुडहुडी कसली?"

मी म्हणते,
तुझ्या डोक्यात खोल, बदामाएवढ्या जागेत
तुझ्यासारखंच कुणीतरी बसलंय.
एरवी सदतिसाला राखतं.
जास्त झालं की घाम फोडतं,
कमी पडलं की शहारा आणतं,
तुला विचारत नाही.
काल त्याला फुप्फुसातून निरोप आला,
परके शिरलेत.
त्यानं काटा चाळिसावर नेऊन ठेवला.
तू अजून तिथं पोचला नाहीस,
म्हणून थरथरतोयस.
ही थरथर म्हणजे फावडं.

तो हसायला जातो आणि खोकतो.
रुमालात हिरवट पिवळं.
हा रंग बऱ्यापैकी त्याच्याच पेशींचा,
रात्रपाळी करता करता मेलेल्या.
मी सुई भरते. त्यांच्याच्यानं एकट्यानं होणार नाही,
हे वय पाहून कळतं.

जबड्याखाली गाठी चाचपते.
लहानपणी गोवर?
"सहाव्या वर्षी. आई त्याच हिवाळ्यात गेली."
तो गोवर आजही आला
तर आत कुणीतरी त्याला दारातच ओळखेल.
"आणि मला आईचा चेहरा आठवत नाही," उइबान म्हणतो.
यावर माझ्याकडे औषध नाही.

रात्री दोनला त्याचा हात भिंतीवरच्या पाइपाला लागतो.
"मिचील झोपला."
जावई आहे त्याचा, चार दिवसांची बदली.
उठायला बघतो, पाय धरत नाहीत.
मी फोन करते. वाजत राहतो. उचलतो.

मग पाइप ठोके देतात, तापतात,
इतके तापतात की पेंट करपल्याचा वास येतो,
खिडकीतला बर्फ आतून रडू लागतो.
"अरे एवढं नको! भीतीनं कोळसा घालायचा नसतो!"
तो भिंतीवर ओरडतो.
मी फट उघडते, पांढरी वाफ आत लोळते,
पुन्हा लावून घेते.
पहाटेपर्यंत हेच,
उघड, लाव, उघड.

सहाला उशी ओलीचिंब.
अडतीस पूर्णांक एक.
दुधाचा चहा मागतो, मीठ घालून.
दोन घोट घेतो आणि विचारतो,
"राख काढली का त्यानं?
राख साठली की आग गुदमरते."

पलंगाखालचं लघवीचं भांडं
दोन्ही हातांनी उचलत
मी म्हणते, काढली.