माप

कॅम्पातल्या आमच्या दुकानात
कर्नल भरमाजी सांबरेकरांचं माप तीन वह्यांत आहे.
पहिली वही अब्बांची : छाती अडतीस,
समोर शाईत, ‘नवा लेफ्टनंट, पैसे पगाराला.’
दुसरीत बेचाळीस. पलटण हाताखाली आली ते साल.
मग सोळा महिने नाव नाही,
मधल्या पानांवर नवरदेवांचे सूट,
एका वकिलाचा काळा कोट, उधारी.

त्या सोळा महिन्यांतलं थोडं
बिजगर्णीच्या शटुप्पा हवालदारानं सांगितलं,
तेही बटण लावायला आला तेव्हा.
रात्रीची नदी. सायेब मधोमध उभे,
छातीएवढं पाणी, बूट गळ्यात बांधलेले,
जाणाऱ्या प्रत्येकाचा खांदा दाबून
पलटण मोजूलालेत.
पलीकडचा बांध घेतला. उजाडताना पुन्हा मोजली.
‘कितीजण कमी?’
शटुप्पानं चहाची बशी पालथी घातली,
बटणाचे पैसे ठेवले, गेला.

वीरचक्राच्या कोटाचं माप परत अडतीस.

सुट्टीत ते गावं फिरले म्हणे,
साध्या सदऱ्यात, लाल बसनं,
कुद्रेमनीत मराठी, सौंदत्तीकडं कन्नड.
आमच्या दारात आले तेव्हा मी सात वर्षांचा.
मौलालीची पेटी त्यांनी स्वतः उचलून आणली,
हमाल बाहेर नुसता उभा.
अम्मीनं एवढंच विचारलं,
‘उस रात खाना खाया था क्या उनें?’
‘पुरी-बटाटा,’ कर्नल म्हणाले,
‘दोनदा मागून घेतला.’
अम्मी मरेपर्यंत शेजारणींना सांगायची : दोनदा.
खरं होतं का, मी विचारलेलं नाही.
तीस वर्षं त्यांचे कोट शिवतोय.

यंदा पलटणीच्या दिवसाआधी नातीबरोबर आले.
कोटात अजून एक माणूस मावेल.
मेडलांनी डावी बाजू खाली ओढलीय.
‘आतून दुहेरी कॅनव्हास देतो, सायेब, बसेल सरळ.’
‘नको. राहू दे तसंच.’

फीत काखेतून घेतो म्हणून हात वर करा म्हटलं.
नव्वदीचा हात, हवेत फार वेळ थांबत नाही,
माझ्या खांद्यावर येऊन टेकला,
आणि बोटांनी
एकदा दाबलं.

मी वही ओढली.
छाती चौतीस.
आकडा दोनदा लिहिला गेला.