बरोबर उच्चार

मांडवीमागच्या बोळात निझामभाईंचं
घड्याळांचं दुकान, अडीच हात रुंद.
डोळ्याचं भिंग न काढताच विचारतात,
"बेन, तुम्ही शाळेत शिकवलंत. सांगा,
कुठला दात तुटला असेल?"
घड्याळाबद्दल नाही विचारत.

बारा वर्षांचा जुहैर लेस्टरहून बडोद्याला आला होता.
उत्तरायणात गच्चीवर मांजाने बोट कापलं,
रडला तो इंग्रजीत,
म्हणून पोरं हसली. धोळियो म्हणाली.
तिकडे, त्यानेच सांगितलं मला,
बसमध्ये त्याच्या शेजारची जागा
सगळ्यात शेवटी भरते.

नाव तिथल्या बाईंना जमेना, त्यांनी "झू" केलं.
इथे आजोबांच्या तोंडी जुहेर.
मी तर "ए लंडन" म्हणायचे.
लेस्टर म्हणजे लंडन नाही, म्हणाला एकदा.
मी शेव वाढत राहिले.

मग सतराव्या वर्षी, रात्री दोनला,
फोनमधून कुणीतरी त्याचं नाव
अक्षर न् अक्षर बरोबर घेतलं.
पुढे "भाई" जोडलं.

एवढंच? निझामभाई विचारतात.
मला माहीत नाही.
त्याच बसने जाणारी, तसल्याच नावांची
किती पोरं आज दवाखान्यात ड्युटीवर आहेत,
परीक्षेला बसलीत.

तुर्कस्तानच्या सीमेवरून शेवटचा मेसेज:
दादा, घडियाळ बराबर चाले छे.
यांनीच बांधलं होतं ते त्याच्या मनगटाला.

माझं दुरुस्त झालंय. पैसे घेत नाहीत.
पायरीवर थांबून
त्याचं नाव म्हणून बघते.
पुन्हा जीभ टाळूला लागते.