दहा डोसांची कुपी

परिपत्रक आलं बुधवारी. चार पानं, स्टेपल तिरका.
'सर्व खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांसाठी.'
म्हणजे मी. दांडेकर पुलापासून आत,
गिरणीशेजारी, दोन बाकं आणि एक पंखा.

पान एक: लस दोन ते आठ अंशांत ठेवावी.
गोठू देऊ नये. बर्फाला थेट टेकवू नये.
पान दोन: उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवावी.
एका कुपीत दहा डोस.
पान तीन: आधी कोणाला.
पान चारवर नुसती सही, आणि शिक्का इतका पुसट
की साथ आत्ताची आहे की मागच्या कुठल्या शतकातली
ते कळू नये.

गुरुवारी लाइट गेली, जाते तशीच, दुरुस्तीसाठी.
खुटवडांनी
(अठरा वर्षं माझे कंपाउंडर,
त्याआधी बावीस वर्षं बाबांचे)
रसवंतीवरून बर्फ आणला,
डब्यात ठेवण्याआधी कुपी सकाळच्या पेपरात गुंडाळली.
कालच्या मृतांचे आकडे आतल्या बाजूला आले
आणि हळूहळू ओले झाले.

साठ्ये काकू, अडुसष्ट, दमा.
"अंड्याची ॲलर्जी आहे का?" विचारावंच लागतं.
"आम्ही अंडं शिवत नाही."
"पण ॲलर्जी?"
"अगं, खाल्लंच नाही तर कळणार कसं?"
याला परिपत्रकात उत्तर नाही.
टोचलं, अर्धा तास समोर बसवून ठेवलं.
तेवढ्यात त्यांनी बाकावरच्या तिघींना सांगून टाकलं,
आज डॉक्टरीणबाईंनी मला बाटवलं.
"औषध म्हणून चालतं हो."

शबाना तांबोळी, सहावा महिना.
तिच्या सासूनं विचारलं,
"बाळाला काही होणार नाही ना?"
न घेतल्यावर काय होतं ते मी पाहिलंय, मी म्हणाले.
हे वाक्य पान तीनवर नाही.
ते मी ऑगस्टमध्ये, नायडूच्या व्हरांड्यात,
काचेच्या अलीकडे उभी राहून शिकले.
सासूनंच मग बाही वर केली. सुनेची.

पाचपर्यंत नऊ झाले.
नववे खुटवड, कुरकुरत,
"मला चाळीस वर्षांत साधी शिंक नाही."

दहावा माझा.
पान तीन, मुद्दा पहिला: आरोग्य कर्मचारी.
मी बाही दुमडली
आणि दारात सोजर आली, कचरा न्यायला.

सगळ्या वस्तीचा कचरा तिच्या हातावरून जातो:
शिंकरलेले रुमाल, कानाची दोरी तुटलेले मास्क,
तापात न गेलेला वरणभात.
हातमोजा एकच, डाव्या हाताचा.
उजवा कुणीतरी देणार आहे.

"सकाळपासून कसली लाइन होती?"
साथीच्या तापाची लस, मी म्हटलं.
"आम्हाला आहे का?"

मी पान तीन पुन्हा काढलं.
गरोदर. दमेकरी. मधुमेही. वयस्कर.
पहिल्या मुद्द्याखाली बोट ठेवून
एकेक अक्षर सुटं करून वाचलं,
शाळेत नवा शब्द वाचतात तसं.

खुटवडांनी रजिस्टर ओढलं.
"व्यवसाय काय लिहू?"
सांगितलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"कुठल्या दवाखान्यात?"
"इथल्याच लिहा."

दंड दोरीसारखा कडक. सुई गेली तरी
तिचं लक्ष सुईकडे नव्हतं.
"ती बाटली संपली ना? द्या मला.
काचेचं मी वेगळं ठेवते."
नाही देता येत, मी म्हणाले.
निर्जंतुक करून फोडायची असते.
पान दोन, शेवटची ओळ.

ती दंडावरचा कापूस दाबत उठली, पोतं खांद्यावर घेतलं.
"आणि फोडल्यावर उचलतं कोण?"

लाइट आली.
पंखा घरघरत फिरायला लागला, पान तीन टेबलावरून उडालं.
खुटवड वाकून ते शोधत होते बाकाखाली.
माझी बाही अजून वरच होती.